वरून दिसणारी विहीर

समजा, ऐन वैशाखात तुम्हाला हरिश्चंद्रगड चढायचा आहे. शहाणी माणसं पावसाळा सरल्यावर जातात. पण तुमची सुट्टी मे महिन्यातली, आणि सोबतचे चार जण यंदा नाही तर कधीच नाही म्हणून हटून बसलेले. साल समजा दोन हजारच्या आगेमागे, म्हणजे मोबाइलवर रस्ता बघायची सोय नाही. मग बेत कसा आखाल? गडाच्या पायथ्याच्या खिरेश्वरला जायचं कशानं, निघायचं कधी, पाणी किती न्यायचं, वर काही खायला मिळतं का? हे सगळं विचारत तुम्ही आळेफाट्याच्या जीपस्टँडवर गेलात, तर पानटपरीवाला बोटाचा चुना न पुसताच हात करील, "पोपटभाऊला इचारा. ती काय, हिरवी कमांडर."

पोपटभाऊ आधी तुमच्या पायांकडं बघेल. बूट नवे कोरे असले तर म्हणेल, "ह्ये ऱ्हाऊ द्या घरी. रोजचं घाला. नवं बूट खाली झ्याक दिसत्यात, कातळावर रडवत्यात." मग जीपच्या पुढच्या चाकाला टेकून तो सगळा गड तुमच्यापुढं मांडेल. तोलार खिंडीत उजाडलं पाहिजे. ऊन अंगावर घेऊन कातळ चढायचा नाही, तो तव्यासारखा तापतो. पाणी लागेल असं वाटतं त्याच्या दुप्पट घ्यायचं. भाकरी आणि कांदा न्यायचा, तेलकट नको, तहान लागते. वाटेत करवंदं दिसतील, पण चार खाऊन पुढं व्हायचं. केदारेश्वराच्या गुहेतलं पाणी उन्हाळ्यातही बर्फासारखं असतं, घामेजल्या अंगानं एकदम उतरायचं नाही. खिंडीत माकडं पिशव्या ओढतात, पिशवी पोटाशी धरायची.

हे सगळं तो इतकं बारकाईनं सांगेल की तुम्हाला वाटेल, हा माणूस दर आठवड्याला वर जाऊन येतो. आणि मग तुम्ही विचाराल, "पोपटभाऊ, वरून काय काय दिसतं हो?"

तेव्हा तो खिशातलं फडकं काढून, स्वच्छच असलेली काच पुसायला लागेल.

"त्ये मला न्हाई सांगता येणार," तो म्हणेल. "मी गाडीपाशी असतो."

*

पोपट पिंपरी पेंढारचा. गाडी शिकला ती सयाजीअण्णांच्या ट्रॅक्टरवर. सयाजीअण्णा गावातले मोठे बागायतदार. नव्वद-एक्याण्णवच्या सुमाराला त्यांनी हौसेनं एक कमांडर जीप घेतली आणि आळेफाटा ते मढ अशी लावली. ड्रायव्हर म्हणून पोपटला बसवलं, आणि किल्ली हातात देताना एकच गोष्ट सांगितली.

"पोपट्या, गाडी म्हंजे दावणीची गाय. दावं हातातनं सोडायचं न्हाई."

त्या जीपला कापडी हूड होतं आणि रेक्झिनचे पडदे. दार म्हणून जे होतं त्याला कडीसुद्धा धड नव्हती, मग कुलूप कुठलं? पोपटनं हे फारसं मनावर घेतलं नव्हतं. पण पहिल्याच वर्षी ओझरला विघ्नहराच्या दर्शनाचं भाडं घेऊन गेला असताना तो जरा चहाला म्हणून टपरीवर गेला, आणि परत येतो तर मागची स्टेपनी गायब.

सयाजीअण्णा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी त्या हंगामात भेटेल त्या पॅसेंजरला पोपटची ओळख करून दिली. "बसा, पावणं. ह्यो आमचा स्टेपनीवाला." नाव स्टँडवर पसरलं. मढपर्यंतच्या थांब्याथांब्यावर पोरं ओरडायची, "स्टेपनीवाला आला रं!"

त्यानंतर पोपटनं जीप नजरेआड केली नाही. भाकरी सीटवर बसून खायचा. लग्नाच्या भाड्याला गेला तर पंगतीत बसायचा नाही, ताट बॉनेटवर मागवायचा. त्याच्या स्वतःच्या लग्नाला अण्णांनी हीच जीप दिली होती. मढला मांडव होता, बाहेर रस्त्याच्या कडेला जीप उभी होती, आणि नवरदेव मान वळवून वळवून तिकडं बघत होता. नवरी द्रौपदा. पुढं आयुष्यभर ती आल्यागेल्याला सांगायची, "पंचशील म्हणताना समद्यांची नजर बाबासाहेबांच्या फोटोकडं, आन् ह्येंची स्टेपनीकडं."

सांगताना ती हसायची. पोपटही हसायचा.

*

द्रौपदाचं माहेर मढच्या वरच्या अंगाला, नदीच्या वळणावर. तिचे वडील भिमाजी. त्यांच्याकडं जमीन थोडकी, पण त्या जमिनीत एक विहीर होती, आणि भिमाजींच्या दृष्टीनं ती विहीर म्हणजेच सगळं होतं. लहानपणी ज्या माणसाला दुसऱ्यांच्या विहिरीवर लांब उभं राहून ओंजळीत पाणी घ्यावं लागलं, त्यानं मोठेपणी दोन भावांना घेऊन ही विहीर खोदली होती. कातळ लागला तेव्हा सुरुंग लावले. दगड घडवून गोल बांधून काढली. वर मोटेचं पाणी पडायला थारोळं केलं, एकाच अखंड दगडाचं. द्रौपदा लहानपणी त्या थारोळ्यात बसून आंघोळ करायची.

मग पिंपळगाव जोग्याचं धरण झालं. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला पाणी चढत चढत वळणापर्यंत आलं आणि एका पावसाळ्यात विहीर पाण्याखाली गेली. भिमाजी रस्त्याकडच्या दोन खोल्यांत राहायला आले. जमीन गेली त्याबद्दल ते फार बोलायचे नाहीत. पण कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं की पाणी चढायच्या आधी लोकांनी विहिरीचे घडीव दगड उपसून ट्रॅक्टर भरभरून नेले. त्या दिवसापासून म्हाताऱ्यानं एकच ध्यास घेतला.

"पाण्याखाली गेली तर गेली," ते म्हणायचे. "पण हाय तशी गेली, का उपसून गेली? एवढंच मला कळू दे."

हे कळणार कसं? उन्हाळ्यात धरण आटायचं, तेव्हा वळणाचा भाग उघडा पडायचा. पण तिकडं चालत जायची सोय नव्हती. वरून वाळलेला दिसणारा गाळ आत रबडी असायचा, दोन म्हशी त्यात फसून मेल्या होत्या. धरणाच्या बांधावरून बघावं तर मध्ये टेकाड आडवं यायचं. खिरेश्वरचा जानकू, ज्याची गडाच्या पायथ्याला चहाची टपरी होती, तो एकदा मढच्या बाजारात द्रौपदाला म्हणाला, "कातळ चढून वर सपाटीला गेलीस का समदं धरण ताटावानी दिसतं. तुझ्या बापाचं वळण बी दिसंल."

द्रौपदानं त्याच संध्याकाळी पोपटला सांगितलं, "उन्हाळ्यात आपून गडावर जायचं. आबांची विहीर बघून यायची."

"जाऊ की," पोपट म्हणाला.

हे "जाऊ की" पुढं तीन-चार उन्हाळे चाललं. एका वर्षी लग्नसराईची भाडी होती. एका वर्षी मुलगी ज्योत्स्ना गोवरानं पडली. एका वर्षी सयाजीअण्णांनी नवी गाडी घेतली आणि जुनी कमांडर पोपटला विकली. तो उन्हाळा इंजिनाच्या कामात गेला. द्रौपदाला वाटलं, आता गाडी आपली, मालक आपण, आता कोण अडवतंय? पण उलटंच झालं. अण्णांची गाडी होती तेव्हा पोपटला अण्णांची भीती होती. आता स्वतःचीच झाली म्हटल्यावर तो रात्री उठून दोनदा बाहेर डोकावायला लागला.

आणि या सगळ्या उन्हाळ्यांत तो शहरातल्या पोरांना, मास्तरांना, बँकेतल्या लोकांना घेऊन खिरेश्वरला जातच होता. पायथ्याला जीप लावायचा. जानकूच्या टपरीवर बसायचा. उतरून येणाऱ्यांना विचारायचा, वाट कशी होती, पाणी पुरलं का, कातळ किती तापला होता. त्यातूनच त्याचा सगळा गड तयार झाला होता, दुसऱ्यांच्या पायांनी चढलेला.

स्टँडवरून घरी आलेल्या माणसांना तो हे सांगत असला की द्रौपदा ऐकायची आणि मागून म्हणायची, "सगळ्या जगाचा बेत करून देत्यात ह्ये. घरच्या मानसाचाच तेवढा ऱ्हायलाय."

*

दोन हजार तीनचा उन्हाळा. आदल्या साली पाऊस कमी झाला होता. धरण असं आटलं की बांधावरून जाताना एरवी पाणी असायचं तिथं भेगाळलेली जमीन दिसायची. भिमाजी आता अंथरुणावरच होते. द्रौपदा बघायला गेली की हात धरून म्हणायचे, "यंदा उघडी पडली असंल बघ."

या वेळी द्रौपदानं पोपटला विचारलंच नाही. बेत तिनं स्वतः केला. वार ठरवला. ज्योत्स्नाला मावशीकडं धाडायचं नक्की केलं. जुन्या चपलांना चांभाराकडून टाके घालून आणले. पाणी दुप्पट, भाकरी, कांदा, लिंबं, डोक्याला पांढरं फडकं, सगळं पोपटच्याच तोंडून ऐकलेलं.

"सोमवारी पहाटे निघायचं," तिनं सांगितलं. "आता काय बोलू नका."

पोपटनं मान डोलावली. त्याच्या मनातूनही जायचं होतं, यात खोटं काही नव्हतं. पण रविवारी ओतूरचे अमृत गुरुजी स्टँडवर भेटले. शाळेचे निकाल लागले होते, सगळे मास्तर-मास्तरणी मिळून गडावर जायचं म्हणत होते, आणि तेही सोमवारीच. रिकामी गाडी एवढी लांब पळवायची म्हटलं की पोपट डिझेलचा हिशोब करत बसायचा. त्याला वाटलं, हे तर सोन्याहून पिवळं झालं. ती पण जाईल, गाडी पण भरून जाईल, शिवाय सोबत होईल. तो हो म्हणून आला.

द्रौपदानं ऐकून घेतलं. "म्हंजे मी त्येंच्या ट्रिपला जायचं व्हय?"

"अगं, त्येंची कशी? गाडी आपलीच हाय."

"गाडी आपली. दिवस त्येंचा."

"तुला वर जायाचं हाय का न्हाई?"

"मला एकटीला न्हाई जायाचं. तुमी येनार का वर?"

"येनार."

"गाडी सोडून?"

"येनार म्हनलं ना!"

तिनं त्याच्याकडं नीट बघितलं आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं.

*

खिरेश्वरला पोचले तेव्हा नुकतं फटफटत होतं. गुरुजींची मंडळी उत्साहात. त्यांनी खाली उतरल्यावर रस्सा करायचा बेत ठेवला होता, म्हणून पातेली, सतरंज्या, तांदळाची पिशवी, कुणाची पाकिटं, असं सगळं जीपमध्येच राहिलं. "पोपटराव आहेत ना, काय काळजी?" असं म्हणत ते चालायला लागलेसुद्धा. अश्विनीबाई म्हणून एक मास्तरीण होत्या, त्या द्रौपदाला म्हणाल्या, "चला वहिनी, ऊन व्हायच्या आत."

द्रौपदा जीपपाशी उभी राहिली.

"तू हो म्होरं," पोपट म्हणाला. "मी जानकूला बसवतो गाडीत आन् आलोच मागनं."

जानकूची काहीच हरकत नव्हती. "जावा की पोपटराव," तो चुलीत फुंकर घालत म्हणाला. "मी हाय न्हवं हितं. गाडी हाय ती, काय पतंग न्हाई उडून जायला."

पोपट निघाला. खरंच निघाला. पाण्याची बाटली हातात, पायात रोजच्या चपला. शेतं संपून झाडी लागते तिथपर्यंत गेला. वरच्या वळणावर द्रौपदाचं पिवळं लुगडं दिसलं. तिनंही वळून बघितलं. तो खरंच मागं येतोय हे बघून ती एवढी हसली की त्याला खालूनही कळलं. "या की लवकर!" ती ओरडली. त्यानं हात वर केला.

तेवढ्यात खाली हॉर्न वाजला. त्याच्याच जीपचा, तो आवाज त्याला झोपेतसुद्धा ओळखू आला असता. पुण्याकडची एक मोठी गाडी आली होती, तिला लावायला जागा हवी होती, आणि जानकूला जीप हलवता येत नव्हती म्हणून तो हॉर्नवर हात ठेवून बसला होता.

पोपटनं वर बघून खूण केली, आलोच. आणि उतरला. जीप पुढं घेतली. त्या पुण्याच्या गाडीतून पाच-सहा टारगट पोरं उतरली. त्यातलं एक येऊन जीपच्या बॉनेटवर बसलं, दुसरं पडदा वर करून आत बघायला लागलं. पोपटनं त्यांना हाकललं आणि जरा टेकला. पोरं गडाच्या वाटेला लागेपर्यंत थांबू म्हणाला. मग पातेली आहेत ना बघितली. मग चहा घेतला. तोवर ऊन खिंडीवर आलं होतं, आणि ऊन अंगावर घेऊन कातळ चढायचा नाही, हे तर त्याचं स्वतःचंच सांगणं.

जानकू म्हणाला, "अवो, जायाचं व्हतं न्हवं?"

"आता ती वर पोचली असंल," पोपट म्हणाला. "आता काय जायाचं?"

खरं सांगायचं तर त्याला हायसं वाटलं. याची त्याला पुढं सगळ्यात जास्त लाज वाटली.

*

भर दुपारी मंडळी उतरून आली. घामाघूम, लालबुंद, खुशीत. त्यांच्यात द्रौपदा नव्हती.

"पोपटराव, तुम्हाला निरोप आहे बरं का," अमृत गुरुजी म्हणाले. "वहिनी कातळाच्या वर सपाटीला बसल्यात. म्हणाल्या, त्यांना सांगा मी उठत नाही, या म्हणावं न्यायला."

सगळे हसले.

"काय पोपटराव, रुसवा काढायला जावं लागतंय!" एक मास्तर म्हणाले. "जीप जाते का बघा कातळावर!"

पोपटही हसला. "येती आपसूक. भूक लागू द्या."

"मी म्हटलं होतं त्यांना चला म्हणून," अश्विनीबाई जरा काळजीनं म्हणाल्या. "खिरेश्वरच्या बायका आहेत तिथं करवंदं तोडायला, म्हणून सोडून आलो. डोळ्यांवर हात धरून सारख्या खालीच बघत होत्या हो."

रस्सा शिजला, जेवणं झाली, पातेली घासून जीपमध्ये गेली. द्रौपदाचा पत्ता नाही. मंडळी आधी गमतीनं विचारत होती, मग घड्याळं बघायला लागली. एकाला पुढची एसटी पकडायची होती. पोपट झाडीपर्यंत दोनदा जाऊन हाका मारून आला. दोन्ही वेळा मागं बघत गेला.

उन्हं कलल्यावर ती दिसली. सावकाश येत होती. चेहरा तांब्यासारखा झालेला, ओठ सुकलेले. ती जवळ येऊन काही बोलणार, तेवढ्यात पोपटचा पारा चढला. मंडळी बघत होती, त्यांच्यासमोर आपण किती कडक आहोत हेही दाखवायचं होतं बहुधा.

"अक्कल हाय का काय तुला? मानसं खोळंबल्यात हितं! गाडी काय तुझ्या बापाची हाय का?"

ती बोलायची थांबली. जानकूनं दिलेलं पाणी तिनं आधी पायांवर ओतलं आणि मग प्याली. पुढची सीट तिच्यासाठी ठेवली होती. ती मागं जाऊन पातेल्यांशेजारी बसली.

मढ आलं तसा मागून तिचा आवाज आला, "आबांच्या दारात थांबवा."

पोपटनं थांबवली. इंजिन बंद केलं नाही. भिमाजींची खाट खिडकीलाच होती. जीपच्या घरघरीतूनही आतलं बोलणं त्याला ऐकू येत होतं.

"गेली व्हतीस?" म्हातारा विचारत होता.

"व्हय आबा."

"दिसली?"

"दिसली."

"दगड?"

"समदे हायेत. जशी बांधली व्हती तशीच हाय."

"थारोळं?"

"थारोळं बी हाय. आत पाणी चमकत व्हतं."

भिमाजी हळू काहीतरी म्हणाले, ते पोपटला कळलं नाही. मागून एक मास्तर पुटपुटले, "एसटी चुकणार बहुतेक." आणि पोपटनं हॉर्न दिला.

*

भिमाजी श्रावणात गेले. तोवर धरण पुन्हा भरलं होतं. त्या शेवटच्या दिवसांत त्यांनी विहिरीचं नाव काढलं नाही. सगळे म्हणायचे, म्हातारा शांतपणे गेला.

त्यांच्या मागं ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सगळे नातेवाईक जमले. जेवणं चालू असताना भिमाजींचा पुतण्या संघर्ष म्हणाला, "काकाला उगंच वाटायचं विहीर हाय म्हनून. मी ह्या डोळ्यांनी बघितल्यात दोन ट्रॅक्टर. पाणी चढायच्या आधीच दगड गेलं व्हतं. थारोळं तर आधी गेलं."

द्रौपदा तेव्हा भाजी वाढत होती. पोपटची नजर तिच्याकडं गेली. ही बाई कुणाचं ऐकून घेणारी नव्हती. सयाजीअण्णांनासुद्धा तोंडावर उत्तर द्यायची. तिनं डोळ्यांनी विहीर बघितली होती, मग तिनं म्हणायला नको का, की गप रे, मी बघून आलेय? तिनं नुसती संघर्षच्या ताटात भाजी वाढली आणि ती पुढं गेली.

पोपटच्या मनात शंका शिरली ती त्या क्षणी. ती आजतागायत निघाली नाही.

तिला सरळ विचारायची हिंमत त्याला झाली नाही. विचारायचं कुठल्या तोंडानं? आपण तिच्याबरोबर असतो तर विचारायची वेळच आली नसती. दिसली असती तर दोघांनी बघितली असती. दिसली नसती, तर आबांना काय सांगायचं हे दोघांनी मिळून ठरवलं असतं. सपाटीवर एकटीनं बसून ते ठरवायची पाळी तिच्यावर आली नसती. ती खरंच रुसून बसली होती, की खाली जाऊन बापाला काय सांगू, या विचारात बसली होती?

गडाचं नाव द्रौपदानं पुन्हा काढलं नाही. लग्नाचा तो जुना किस्सा, पंचशील आणि स्टेपनीचा, तोही सांगायची बंद झाली. भांडण नाही, अबोला नाही. संसार चालूच होता. फक्त पोपट घरी आलेल्या पोरांना गडाचा बेत सांगायला लागला की पूर्वी मागून यायचा तो टोमणा येईनासा झाला.

*

काही वर्षांनी कमांडर मोडीत गेली. पोपटनं कर्ज काढून बोलेरो घेतली. ज्योत्स्ना तेव्हा पुण्याला डिप्लोमा करत होती. सुट्टीला आली तेव्हा तिनं किल्लीचं बटण दाबून दाखवलं. चारी दारं एकदम खटकन बंद झाली.

"बघा पप्पा, आता कुठंही सोडून जा. कोणी हात लावला तर ओरडेल."

पोपटनं तीन-चारदा बटण दाबून बघितलं. त्या रात्री जेवताना तो म्हणाला, "द्रौपदे, यंदा जायाचं का गडावर? दोघंच. कुनाचं भाडं न्हाई."

द्रौपदा ताक ढवळत होती. तिचे गुडघे अलीकडं धरायला लागले होते, हे खरं होतं. "मला न्हाई आता जमायचं," ती म्हणाली. "तुमी या जाऊन." आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला काहीतरी धरता आलं असतं.

तो गेला. मे महिना, पहाटेची वेळ, पाणी दुप्पट, भाकरी-कांदा. बोलेरो जानकूच्या टपरीसमोर लावली, बटण दाबलं आणि मागं न बघता चालायला लागला. तोलार खिंडीत उजाडलं. सगळं त्यानं सांगितलेलंच निघालं, माकडंसुद्धा. कातळावर मात्र तो हातापायांवर रांगत चढला. तो इतका उभा असेल असं त्याला दुसऱ्यांच्या सांगण्यावरून कधी वाटलं नव्हतं. टाके घातलेल्या चपला घालून ती हा कातळ चढली होती.

सपाटीवर पोचून तो कडेला बसला. खाली धरण पसरलं होतं. त्या साली पाणी बरं होतं, वळण बुडालेलंच होतं. कुठलं वळण, हेही त्याला नक्की सांगता येईना. टेकाडं सगळी सारखीच दिसत होती. बांधाचा रस्ता दोऱ्याएवढा झाला होता. त्यावरून एक एसटी चालली होती, ती काडेपेटीहूनही लहान दिसत होती. पोपटनं डोळ्यांवर हात धरला. एवढ्या लांबून विहीर दिसेल? दगडांचा गोल कदाचित दिसेल. उन्हात पाणी चमकलं तर दिसेलही. पण थारोळं?

तो ऊन तापेपर्यंत बसून राहिला. चुकून म्हणूनसुद्धा खाली उभ्या गाडीकडं त्याचं लक्ष गेलं नाही.

घरी आला तेव्हा द्रौपदा ओट्यावर बसून गहू निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवून त्याला पाण्याचा तांब्या दिला.

"झाला का गड?"

"झाला."

"काय दिसलं मग?"

"पाणी," पोपट म्हणाला. "पाणीच पाणी. लई लांब हाय गं तिथनं."

"व्हय," द्रौपदा म्हणाली. "लांब हाय."

तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि खडे वेचायला लागली. पोपट तांब्या हातात धरून तिच्यासमोर बसला. प्रश्न जिभेवर आला होता, तसा तो इतक्या वर्षांत पुष्कळदा आला होता. आजही तो त्यानं पाण्याच्या घोटाबरोबर गिळला, आणि आजही तो तसाच राहिला: द्रौपदे, त्या दिवशी विहीर खरंच दिसली होती का गं?